विश्लेषण : ‘ब्लूजची सम्राज्ञी’ बेसी स्मिथचा मृत्यू नेमका कसा झाला? आणि तिच्या गाण्यांचे पैसे गेले कुठे?

अमेरिकेच्या संगीतविश्वात एक गोष्ट अनेक वर्षं सांगितली जाते. १९३७ साली बेसी स्मिथ ही प्रख्यात कृष्णवर्णीय गायिका मोटार अपघातात जबर जखमी झाली. तिला गोऱ्यांच्या रुग्णालयात नेण्यात आलं, पण तिच्या कातडीचा रंग पाहून तिथं दाखल करून घेतलं नाही आणि रक्तस्रावानं तिचा जीव गेला. या गोष्टीवर पुढे नाटकही आलं. गोष्ट इतकी पटण्यासारखी होती की सुमारे ३५ वर्षं ती नीट तपासण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलंच नाही.

प्रत्यक्षात असं घडलं नव्हतं. पण म्हणून तिच्यावर अन्याय झाला नाही, असंही नाही. तो कुठे झाला हे कळायला आधी बेसी कोण होती, ती गात होती ते ब्लूज काय असतं आणि त्या गाण्यांवर कुणी किती कमावलं, हे पाहावं लागतं.

बेसी स्मिथ कोण होती?

टेनेसी राज्यातलं चॅटानूगा हे तिचं गाव. जन्मतारीख १५ एप्रिल १८९४ मानली जाते, मात्र जनगणनेच्या एका नोंदीत १८९२ हे वर्ष सापडतं. वडील मजुरी करायचे आणि जोडीला चर्चमध्ये प्रवचनं द्यायचे. ती अगदी लहान असतानाच ते गेले. नऊ वर्षांची होईपर्यंत आईही गेली. थोरली बहीण व्हायोलानं धाकट्या भावंडांना सांभाळलं. घरात पैसा नव्हता, म्हणून बेसी आणि तिचा भाऊ अँड्र्यू रस्त्यावर कार्यक्रम करायचे. तो गिटार वाजवायचा, ती गायची, नाचायची. एका दारूच्या गुत्त्यासमोरचा कोपरा ही त्यांची नेहमीची जागा.

दुसरा भाऊ क्लॅरेन्स आधीच एका फिरत्या खेळात सामील झाला होता. १९१२ मध्ये ती मंडळी चॅटानूगात आली, तेव्हा त्यानं बेसीचीही वर्णी लावली, पण नर्तकी म्हणून. कारण गायिकेची जागा भरलेली होती. ती गायिका म्हणजे मा रेनी. (नेटफ्लिक्सवर व्हायोला डेव्हिसचा ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ पाहिला असेल तर तीच ही.) मा रेनीनं छोट्या बेसीला पळवून नेलं आणि ब्लूज शिकवलं, अशीही एक दंतकथा आहे. तीही खरी नाही. बेसीच्या आयुष्याला दंतकथा फार चिकटल्या. मा रेनीकडून ती रंगमंचावरचा वावर शिकली असणार, पण आवाज मुळात तिचाच होता.

त्या काळात तमाशाच्या फडासारखे गावोगाव तंबू ठोकून हे खेळ व्हायचे. काही वर्षांतच बेसी अटलांटाच्या ‘एटीवन’ थिएटरमधलं मोठं नाव झाली. थिएटरांत मायक्रोफोन नव्हते. मागच्या बाकावरच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तो छातीच्या जोरावरच.

ब्लूज म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, पण दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांत राबणारे हात तेच राहिले. शेतात, रेल्वेच्या कामावर एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ही कामगाण्यांची रीत होती. त्यात चर्चमधली भजनं मिसळली. कामावरच्या एकट्या माणसाच्या लांबलचक हाका मिसळल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या सगळ्यातून जे गाणं तयार झालं, ते ब्लूज. ते कुणी एकानं शोधलेलं नाही. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी फिरवत गाताना ऐकलं. पुढे त्यानं हे संगीत नोटेशनमध्ये छापून विकलं. त्याचं ‘मेम्फिस ब्लूज’ १९१२ चं आणि ‘सेंट लुइस ब्लूज’ १९१४ चं.

रचनेचं गणित सोपं आहे. ब्लूजचं सगळ्यात रूढ आवर्तन १२ खणांचं असतं, प्रत्येक खणात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. गाण्याच्या तीन ओळी, प्रत्येकीला चार खण. पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्यांदा जवळपास तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचं. ओळ खणांची अर्धीच जागा घेते. उरलेल्या जागेत पियानो, गिटार किंवा कॉर्नेट गायकाला उत्तर देतं. शेतातली सवाल-जवाबाची पद्धत ती हीच. खाली आधाराला फक्त तीन कॉर्ड, आपल्या भाषेत सांगायचं तर सा, म आणि प यांच्यावर उभारलेल्या.

गंमत पुढे आहे. ब्लूजमधले काही स्वर पियानोच्या पट्टीवर सापडतच नाहीत. कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या मध्ये कुठेतरी एक जागा असते, तशीच निषादाजवळ. पियानो कोमल वाजवेल किंवा शुद्ध. गळा मात्र त्यांच्या मधोमध थांबू शकतो, खालून वर मींड घेत येऊ शकतो. यांना ‘ब्लू नोट’ म्हणतात. भारतीय संगीत ऐकणाऱ्या कानाला हे लगेच कळतं. पियानोवर वाढलेल्या कानाला ते सुरुवातीला बेसूर वाटायचं.

बेसीची ताकद इथेच होती. एका गाण्यात ती फार स्वर वापरायची नाही. मोजक्या चार-पाच स्वरांत फिरायची, एखादा मधला स्वर धरून त्याच्याभोवती ओळ फिरवायची. श्वास अनपेक्षित जागी घ्यायची, त्यामुळे साधा शब्दही वेगळा वजनदार व्हायचा. आणि ब्लूज म्हणजे नुसतं रडगाणं, हा समज तिचं गाणं ऐकून टिकत नाही. त्यात भाडं थकलेलं असतं, नवरा मारकुटा असतो, दारू असते आणि या सगळ्याची टिंगलही असते.

ब्लूजचा पहिला स्टार पुरुष नव्हता?

नाही. ब्लूज म्हटलं की गिटार घेऊन बसलेला एकटा पुरुष डोळ्यासमोर येतो. तबकड्यांच्या बाजारात मात्र बायका आधी आल्या. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथ या गायिकेनं (बेसीशी नातं नाही) ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं आणि ते तुफान खपलं. कृष्णवर्णीय माणसं पैसे देऊन तबकड्या विकत घेतात, हा साक्षात्कार कंपन्यांना तेव्हा झाला. मग ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावानं त्यांच्यासाठी वेगळी यादी निघू लागली. ब्लाइंड लेमन जेफरसनसारखा गिटारवाला १९२६ मध्ये बाजारात आला. आज ब्लूजचा चेहरा मानला जाणारा रॉबर्ट जॉन्सन तर थेट १९३६ मध्ये. तोवर बेसीचं शेवटचं ध्वनिमुद्रण होऊन तीन वर्षं झाली होती.

तिच्या पहिल्या गाण्यातून कुणी किती कमावलं?

बेसीचा आवाज फारच रांगडा आहे, असं म्हणून काही कंपन्यांनी तिला आधी नाकारलं होतं. अखेर कोलंबिया कंपनीच्या फ्रँक वॉकरनं तिला न्यूयॉर्कला बोलावलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ध्वनिमुद्रित झालं. साथीला फक्त क्लॅरेन्स विल्यम्सचा पियानो. गाणं अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन यांचं होतं आणि अल्बर्टानं ते आधीच गाऊन लोकप्रिय केलेलं होतं. तरीही बेसीची तबकडी सहा महिन्यांत ७ लाख ८० हजार खपली, असा आकडा नेहमी दिला जातो.

आता हिशेब पाहा. तबकडी ७५ सेंटला विकली जायची. वरचा आकडा धरला तर दुकानांतली विक्री ५ लाख ८५ हजार डॉलरच्या घरात जाते. अर्थात यात दुकानदारापासून कारखान्यापर्यंत सगळे वाटेकरी आले. गायिकेचा वाटा? कोलंबियाचा दर होता एका बाजूला १२५ डॉलर, म्हणजे दोन बाजूंच्या तबकडीला २५०. तोही फक्त कंपनीनं पसंत केलेल्या ध्वनिमुद्रणाला. त्यातली निम्मी रक्कम सुरुवातीला क्लॅरेन्स विल्यम्सच ठेवून घेत होता, कारण बेसीचा करार त्यानं स्वत:च्या नावे करून घेतला होता. हे कळल्यावर बेसी आणि जॅक गी त्याच्या कचेरीत जाऊन धडकले आणि त्यातून सुटका करून घेतली. नंतर तिनं थेट कोलंबियाशी करार केला.

त्या करारात रॉयल्टी नव्हती. ठरावीक रक्कम घ्यायची आणि विषय संपला. तबकडी हजार खपो वा दहा लाख. बेसीला हे तेव्हा फार मोठं नुकसान वाटलं नसावं, कारण एका गाण्याला १२५ डॉलर ही कृष्णवर्णीय कलाकारासाठी मोठी रक्कम होती आणि तिची खरी कमाई तंबूत आणि थिएटरांत होत होती. ऐन भरात ती आठवड्याला दोन हजार डॉलरपर्यंत घ्यायची. त्या काळातली ती सर्वाधिक मानधन घेणारी कृष्णवर्णीय कलाकार होती. पुढे तिचा दरही वाढला. पण १९३१ पर्यंत कोलंबियासाठी केलेल्या सुमारे १६० ध्वनिमुद्रणांवर तिचा पुढचा हक्क राहिलाच नाही. गाडी रुळावर असेपर्यंत हे खुपलं नाही.

जॅक गी हा फिलाडेल्फियात रात्रपाळीचा पहारेकरी होता. जून १९२३ मध्ये दोघांचं लग्न झालं. संसार वादळी ठरला. मारामाऱ्या, दारू, दोघांचीही बाहेरची प्रकरणं. बेसीचे स्त्रियांशीही संबंध होते आणि तिच्या मंडळींत ते लपून नव्हतं. १९२९ मध्ये दोघं वेगळी झाली, मात्र कायदेशीर घटस्फोट कधीच झाला नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

कर्ण्यासमोरून मायक्रोफोनसमोर

बेसीची सुरुवातीची गाणी यूट्यूबवर ऐकली तर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. त्यात तिचा दोष नाही. तेव्हा गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा. आवाजाच्या दाबानंच सुई हलायची आणि मेणावर खाच उमटायची. वीज कुठेच नाही. ड्रम जोरात वाजला तर सुई उडायची, म्हणून ड्रम जवळपास वर्ज्यच. वरचे सूक्ष्म कंप सगळे गळून जायचे. अशा यंत्रावर मृदू आवाजाची गायिका हरवायची, बेसीसारखी खणखणीत आवाजाची तरायची.

जानेवारी १९२५ मध्ये तिनं याच जुन्या पद्धतीनं ‘सेंट लुइस ब्लूज’ गायलं. कॉर्नेटवर होता तेविशीतला लुई आर्मस्ट्राँग, सोबत फ्रेड लाँगशॉची पायपेटी. ओळ संपली की आर्मस्ट्राँग तिला कॉर्नेटमधून उत्तर देतो. वर सांगितलेली सवाल-जवाबाची रीत कळून घ्यायची असेल तर हे एकच ध्वनिमुद्रण पुरे.

चार महिन्यांनी, मे १९२५ मध्ये, कोलंबियानं नव्या विद्युत पद्धतीनं तिचं गाणं टिपलं. मायक्रोफोन आला. टिपता येणाऱ्या कंपनसंख्येची वरची मर्यादा साधारण दुपटीनं वाढून ५ हजार हर्ट्झच्या आसपास गेली. मोठ्या खोलीत आवाज घुमेल या भीतीनं तंत्रज्ञांनी छताला कापडी तंबू टांगला होता आणि गाणं सुरू असताना तो सगळ्यांच्या अंगावर कोसळला, असा किस्सा सांगितला जातो.

रेल्वेचा खासगी डबा कशासाठी?

दुसरा तंबू प्रसंग गमतीचा नाही. जुलै १९२७, नॉर्थ कॅरोलिनातलं काँकॉर्ड गाव. बेसीचा खेळ रंगात असताना तोंडावर बुरखे घेतलेली कू क्लक्स क्लॅनची माणसं बाहेर येऊन तंबूच्या मेखा उपटू लागली. आत गच्च गर्दी. तंबू पडला असता तर चेंगराचेंगरी ठरलेली. बेसीला हे कळताच ती गडीमाणसांना घेऊन बाहेर गेली. माणसं बुरखे पाहून मागे सरकली. बेसी एकटी पुढे गेली, मूठ उगारून शिव्यांची लाखोली वाहत उभी राहिली. बुरखेवाले काही क्षण पाहत राहिले आणि अंधारात निघून गेले. ती आत आली आणि खेळ पुढे सुरू झाला.

तिच्या रेल्वेच्या डब्याबद्दल श्रीमंती थाट म्हणून लिहिलं जातं. १९२५ मध्ये तिनं सुमारे ७० फूट लांबीचा स्वत:चा डबा घेतला होता, हे खरं. त्यात मंडळींची झोपण्या-जेवण्याची सोय होती, तंबूचं सामानही त्यातच. पण कारण वेगळं होतं. वंशभेदाच्या कायद्यांमुळे दक्षिणेत कृष्णवर्णीयांना बहुतेक हॉटेलांत खोली मिळत नव्हती आणि खाणावळीत टेबल मिळत नव्हतं. आठवड्याला हजारो डॉलर मिळवणाऱ्या बाईलाही नाही.

पूर, मंदी आणि उतरती कळा

फेब्रुवारी १९२७ मध्ये तिनं स्वत: रचलेलं ‘बॅकवॉटर ब्लूज’ गायलं, पुरानं घर सोडावं लागलेल्या बाईचं. दोनच महिन्यांत मिसिसिपी नदीला ऐतिहासिक महापूर आला, लाखो लोक बेघर झाले आणि गाणं जणू त्याच पुरावर लिहिलंय असं सगळ्यांना वाटलं. अभ्यासकांच्या मते ते १९२६ च्या नाताळात नॅशव्हिलला आलेल्या पुरावरचं आहे.

असंच दुसऱ्यांदा झालं. मे १९२९ मध्ये तिनं जिमी कॉक्सचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. विषय हा की पैसा गेला की ओळखीचेही ओळख दाखवत नाहीत. तबकडी सप्टेंबरमध्ये बाजारात आली आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्याच वर्षी ती ‘सेंट लुइस ब्लूज’ या दोन रिळांच्या लघुपटात दिसली. तिचं चालतं-बोलतं चित्रण तेवढंच उरलं आहे.

मग सगळंच झपाट्यानं खाली आलं. १९२७ मध्ये अमेरिकेत सुमारे १० कोटी तबकड्या खपल्या होत्या, १९३२ मध्ये जेमतेम ६० लाख. लोक रेडिओ ऐकू लागले. बोलपटांनी थिएटरांतले खेळ बंद पाडले. १९३१ मध्ये कोलंबियानं बेसीला निरोप दिला. २४ नोव्हेंबर १९३३ रोजी जॉन हॅमंड या तरुण निर्मात्यानं तिची चार गाणी ध्वनिमुद्रित केली. मानधन गाण्याला साडेसदतीस डॉलर, रॉयल्टी अर्थातच नाही. या ध्वनिमुद्रणात ती ब्लूजपेक्षा स्विंगच्या चालीवर गाताना दिसते. तिला जमानाही कळत होता आणि नवं गाणंही जमत होतं. त्यानंतर तिनं पुन्हा कधी ध्वनिमुद्रण केलं नाही. तीनच दिवसांनी हॅमंडनं एका अठरा वर्षांच्या मुलीचं पहिलं गाणं टिपलं. ती बिली हॉलिडे.

त्या रात्री काय घडलं?

१९३७ मध्ये बेसीला पुन्हा कामं मिळत होती. २६ सप्टेंबरच्या पहाटे ती जोडीदार रिचर्ड मॉर्गनसोबत मेम्फिसहून हायवे ६१ नं मिसिसिपीकडे निघाली होती. गाडी मॉर्गन चालवत होता. पुढच्या संथ ट्रकचा त्याला अंदाज आला नाही आणि गाडी मागून आदळली. मॉर्गनला फारसं लागलं नाही. बेसीचा उजवा हात कोपरापाशी जवळपास तुटला आणि उजव्या बाजूला आतून जबर मार बसला.

थोड्याच वेळात मेम्फिसचे शल्यविशारद डॉ. ह्यू स्मिथ तिथं पोचले. ते मित्रासोबत मासेमारीला निघाले होते. त्यांनी रस्त्यातच प्रथमोपचार केले. मित्र जवळच्या घरी रुग्णवाहिकेसाठी फोन करायला गेला. रुग्णवाहिका लवकर येईना, म्हणून बेसीला आपल्याच गाडीत घ्यायचं ठरवून ते मागची सीट रिकामी करत होते, तेवढ्यात आणखी एक गाडी येऊन त्यांच्या गाडीवर धडकली. त्या गाडीतलं गोरं जोडपंही जखमी झालं.

अखेर क्लार्क्सडेलहून दोन रुग्णवाहिका आल्या, एक कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयाची आणि एक गोऱ्यांच्या. बेसीला जी. टी. थॉमस या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेण्यात आलं. तिथं तिचा हात कापावा लागला. ती शुद्धीवर आलीच नाही आणि त्याच दिवशी सकाळी तिचा मृत्यू झाला.

म्हणजे गोऱ्यांच्या रुग्णालयानं तिला परत पाठवलं नाही. तिला तिथं नेलंच गेलं नव्हतं. डॉ. स्मिथ यांनी पुढे चरित्रकार ख्रिस अल्बर्टसन यांना सांगितलं की त्या काळात त्या भागातल्या कुठल्याही चालकाच्या मनात कृष्णवर्णीय रुग्णाला गोऱ्यांच्या रुग्णालयात नेण्याचा विचारही आला नसता. दोन्ही रुग्णालयं एकाच छोट्या गावात होती. कुणी नकार द्यायची वेळच आली नाही, कारण कुणी विचारायलाच गेलं नसतं.

मग ती गोष्ट कुठून आली? नोव्हेंबर १९३७ च्या ‘डाउन बीट’ मासिकात जॉन हॅमंडनंच ती लिहिली, तीही दुसऱ्या वाद्यवृंदातल्या वादकांकडून ऐकलेल्या माहितीवर. १९६० मध्ये एडवर्ड अल्बीचं ‘द डेथ ऑफ बेसी स्मिथ’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि ऐकीव गोष्ट पक्की झाली. १९७२ मध्ये अल्बर्टसन यांचं चरित्र आलं, तेव्हा कुठे खरी हकिगत लोकांपुढे आली. त्या रुग्णालयाच्या इमारतीत १९४४ मध्ये ‘रिव्हरसाइड हॉटेल’ सुरू झालं. दक्षिणेत फिरणारे कृष्णवर्णीय संगीतकार तिथं उतरत, कारण अजूनही त्यांना इतरत्र खोली मिळत नव्हती.

तिच्यामागे काय राहिलं?

फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला सुमारे सात हजार लोक होते. कबरीवर मात्र नावाचा दगडही बसला नाही. त्यासाठी दोनदा निधी जमवला गेला, पण कायद्यानं अजूनही तिचा नवरा असलेल्या जॅक गीनं तो खिशात घातला, असं चरित्रात नमूद आहे. ३३ वर्षांनी, ऑगस्ट १९७० मध्ये, रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिटा ग्रीन यांनी मिळून दगडाचा खर्च उचलला. दोनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९७० रोजी, जॅनिस गेली. बेसीवर अंत्यसंस्कार झाले होते तेही ४ ऑक्टोबरलाच.

त्याच वर्षी कोलंबियानं बेसीची सगळी ध्वनिमुद्रणं नव्या एलपी संचांत आणायला सुरुवात केली आणि ती चांगली खपली. तेव्हा तिचा दत्तक मुलगा जॅक गी ज्युनियर यानं कंपनीची मालक असलेल्या सीबीएसवर दावा लावला. आईला रॉयल्टी नाकारून तिच्या अडाणीपणाचा फायदा घेतला गेला, असं त्याचं म्हणणं होतं. १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संघीय न्यायालयानं दावा फेटाळला. मुदत कधीच उलटून गेली होती, हे त्यातलं एक मुख्य कारण.

अमेरिकेच्या नव्या कायद्यानुसार १९२३ मधल्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क शंभर वर्षांनी संपले. १ जानेवारी २०२४ पासून ‘डाउनहार्टेड ब्लूज’ची ती मूळ तबकडी तिथं सगळ्यांसाठी खुली झाली आहे. आता ती वापरायला कुणालाच पैसे द्यावे लागत नाहीत.